शाळेतली आपत्कालीन तयारी: पालक आणि शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी शिक्षिका आहे. २६ जुलै २००५ च्या मंगळवारी मुंबईच्या एका उपनगरात मी दुपारच्या सत्रात पाचवीचा वर्ग घेत होते. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. संध्याकाळी आमच्या फाटकाशी कंबरभर पाणी होते आणि वरच्या मजल्यावर साठेक मुले. ती रात्र आम्ही मुलांसोबत शाळेतच काढली. तेव्हापासून कुठल्याही शाळेत गेले तरी आपत्कालीन तयारीचे काम मी स्वतःहून मागून घेते. पालकसभांत आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत.

आमच्या शाळेची इमारत पक्की आहे. मग तयारी कशाची करायची?

ते तुमची शाळा कुठे आहे यावर ठरते. महाड-चिपळूणकडे पूर आणि दरड, सांगली-कोल्हापुरात चढत जाणारे पाणी, मराठवाडा-विदर्भात वीज आणि ऊन, कोयनेच्या आसपास भूकंप, शहरात आग आणि रस्त्यावरचे अपघात. साप, विषबाधा, जिन्यातली चेंगराचेंगरी हे धोके मात्र सगळीकडेच आहेत.

सुरुवातीला कागद बाजूला ठेवा आणि मुख्याध्यापक, दोन पालक, शिपाईमामा असे चौघे मिळून शाळेभोवती एक फेरी मारा. शिपाईमामा हवेतच. कोणते दार पावसात फुगून अडकते, गच्चीची किल्ली कुणाच्या खिशात असते, मागच्या भिंतीला तडा कधी गेला, हे त्यांना ठाऊक असते. दिसलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहा आणि तिच्यापुढे ती दुरुस्त करणाऱ्याचे नाव लिहा. ज्या कामापुढे नाव नाही ते काम होत नाही.

मॉक ड्रिल म्हणजे नेमके काय? वर्षातून किती वेळा घ्यायचे?

ठरलेली घंटा होते, मुले रांगेने बाहेर पडतात, पटांगणातल्या ठरलेल्या जागी वर्गावर्गाने उभी राहतात आणि शिक्षक हजेरीपट घेऊन मोजणी करतात. मोजणी पूर्ण होऊन मुख्याध्यापकांना कळली की ड्रिल संपले. बऱ्याच शाळांत मुले पटांगणात आली, फोटो निघाले, की सगळे परत वर्गात जातात. मोजणी नसेल तर ते ड्रिल मी धरत नाही.

एकदा आमच्याच ड्रिलमध्ये चौथीचा एक मुलगा कमी भरला. वीस मिनिटे शाळा पालथी घातली. बाईंनी त्याला शेजारच्या वर्गात खडू आणायला पाठवले होते. घंटा झाल्यावर तो त्याच वर्गाच्या रांगेत बाहेर आला आणि शहाण्या मुलासारखा तिथेच उभा राहिला. त्याचे काही चुकले नव्हते. ‘आपल्या वर्गात नसाल तर ज्या रांगेत असाल त्या बाईंना लगेच नाव सांगा’ हे आम्ही मुलांना सांगितलेच नव्हते.

माझ्या मते वर्षातून किमान दोन ड्रिल हवीत: एक जूनमध्ये शाळा उघडल्यावर, दुसरे दिवाळीच्या सुट्टीनंतर. पहिले आधी सांगून घ्या. दुसरे मधल्या सुट्टीत घ्या, कारण तेव्हा मुले विखुरलेली असतात आणि खरी परीक्षा तिथेच होते.

आगीच्या बाबतीत पालकांनी शाळेला काय विचारावे?

तीन गोष्टी विचारा. अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र ताजे आहे का? जिने मोकळे आहेत का? स्वयंपाकघर वर्गांपासून किती अंतरावर आहे?

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते. ते पाहायला मागण्यात काहीही उद्धटपणा नाही.

जिन्याबद्दल मी हट्टी आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले गेली. वरच्या मजल्यावरच्या मुलांना उतरायला अरुंद जिना होता. त्या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये सांगितले की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. तरीही जिन्याखाली मोडकी बाके, जुने गठ्ठे आणि गॅदरिंगचे पडदे रचून ठेवलेली शाळा आजही सहज सापडते.

गॅदरिंगवरून आठवले. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बरीच शाळकरी मुले होती. ड्रिल आपण वर्गांचे घेतो, पण सर्वाधिक गर्दी स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी होते, अंधारात, लहान भावंडे आणि आजी-आजोबांसकट. म्हणून कार्यक्रम सुरू होण्याआधी माइकवरून बाहेर जायच्या वाटा सांगा. त्या वाटांवर खुर्च्या मांडू देऊ नका. कापडाच्या मागून वायरी नेऊ देऊ नका.

आग विझवायचे सिलिंडर कुणाला चालवता यायला हवे?

प्रत्येक मजल्यावरच्या निदान दोघांना, आणि आहार शिजवणाऱ्या ताईंना तर नक्कीच. पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे महिन्यातून एकदा पाहा. आग टोपलीभर असेल तरच हे करा. वाढलेली असेल तर मुलांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ लावा.

भूकंपात बाहेर पळायचे की वर्गातच थांबायचे?

हादरे बसत असताना वर्गातच थांबायचे. खाली बसा, बाकाखाली जा, डोके आणि मान झाका, बाकाचा पाय घट्ट धरा. बाक नसेल तर खिडकी-कपाटापासून दूर, आतल्या भिंतीशी डोके झाकून बसा. हादरे थांबले की दप्तर न घेता, डोक्यावर हात ठेवून बाहेर. पटांगणात असाल तर पटांगणातच, भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब. तुमची शाळा मातीच्या भिंतीची किंवा जड छपराची एकखोली असेल आणि दार दोन पावलांवर असेल, तर मात्र बाहेर पडणे बरे. हा अपवाद त्या त्या शाळेने आधीच ठरवून ठेवावा.

‘आमच्याकडे भूकंप होत नाही’ असे कुणी म्हटले की मी किल्लारीची आठवण देते. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. तो भाग तोवर सुरक्षित समजला जात होता. सुमारे दहा हजार माणसे गेली, बरीचशी जाड दगडी भिंती आणि धाब्याच्या छतांखाली. तोच हादरा सकाळी अकराला बसला असता तर मुले शाळांत असती. कच्छमध्ये २६ जानेवारी २००१ ला तसेच झाले: अंजार गावात प्रजासत्ताक दिनाची फेरी अरुंद गल्लीतून जात असताना दोन्ही बाजूंची घरे कोसळली आणि शंभराहून अधिक मुले गाडली गेली. प्रभातफेरीचा रस्ता ठरवताना मी अजूनही रुंद रस्ता मागते.

अतिवृष्टीत शाळा लवकर सोडावी का?

रस्त्यावर पाणी चढण्याआधी निर्णय झाला तर सोडावी. पाणी चढल्यावर सोडू नये. पहिल्या मजल्यावरचे मूल भुकेले असेल, रडत असेल, पण ते जिवंत असते. रस्त्यावरच्या पाण्याखाली उघडे मॅनहोल असते आणि तुटलेली वायरही.

सकाळी हवामान खात्याचा इशारा पाहा. लाल असेल तर बहुधा जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात. नारिंगी असेल तर मुख्याध्यापकांनी ठराविक वेळ धरून चालावे, उदाहरणार्थ: ‘साडेअकराला पुन्हा पाहू, बारानंतर सोडणार नाही.’ दोन्ही मनांनी दुपार काढली की चारच्या सुमारास सगळेच अडकतात. आमचे त्या मंगळवारी तसेच झाले. दोनपर्यंत ‘थांबेल पाऊस’ म्हणत होतो, साडेतीनला काही वर्ग सोडले, चारला उरलेल्यांना थांबवले.

मुले रात्रभर राहतील असे धरून वरच्या मजल्यावर थोडे सामान ठेवा: पिण्याचे पाणी, बिस्किटे, टॉर्च, सतरंज्या, सॅनिटरी पॅड, साबण, शिटी आणि प्रत्येक वर्गाच्या पालकांचे फोन नंबर कागदावर. आम्हाला शेजारच्या चाळीतल्या बायकांनी दोन पातेली खिचडी वर पोचवली म्हणून मुले झोपली. शेजाऱ्यांशी ओळख हीसुद्धा तयारी असते.

आपत्तीनंतर शाळेने मूल कुणाच्या ताब्यात द्यायचे?

मला सगळ्यात जास्त या प्रश्नाबद्दल सांगायचे आहे. मुलांना बाहेर काढण्याचा सराव आता बऱ्याच शाळा करतात. मूल परत देण्याचा सराव जवळजवळ कुणीच करत नाही.

त्या रात्री आठच्या सुमारास एक गृहस्थ पाण्यातून दोरी धरून आले. ‘मी हिचा काका,’ म्हणाले. मुलगी त्यांना पाहून हसली, उठली आणि गेली. आम्ही दमलेले होतो, एक मूल सुखरूप घरी गेले म्हणून आम्हाला बरेच वाटले. अकरा वाजता तिची आई ऑफिसातून पाच तास पाण्यातून चालत आली. ‘कुणाबरोबर गेली?’ काकांबरोबर. ‘हिला काका नाहीत.’ नाव कुणी विचारले नव्हते, कुठे नेतो तेही विचारले नव्हते. फोन बंद, दिवे गेलेले. त्या माउलीने रात्र आमच्या जिन्याच्या पायरीवर बसून काढली. सकाळी कळले की ते शेजारच्या इमारतीतले होते आणि मुलगी त्यांना काका म्हणायची. मुलगी रात्रभर त्यांच्याकडे गरम पांघरुणात झोपली होती. त्या भल्या माणसाबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. चूक पूर्णपणे आमची होती.

तेव्हापासून मी आग्रह धरते तो असा. जूनमध्ये प्रत्येक पालकाकडून एक कार्ड भरून घ्या: आई-वडिलांखेरीज मूल नेऊ शकतील अशा जास्तीत जास्त चार व्यक्तींची नावे, नाते, फोन आणि फोटो. त्यांतली एक व्यक्ती शाळेच्या जवळ राहणारी हवी आणि एक दुसऱ्या गावातली, म्हणजे इथली लाइन बंद पडली तरी निरोप तिथे ठेवता येतो. कार्डे कागदावरच, एका पेटीत, वरच्या मजल्यावर. संगणक त्या दिवशी बंद असतो.

आपत्तीच्या दिवशी मूल एकाच फाटकातून द्यावे. पालक फाटकाशी थांबतील. एक जण कार्ड पाहील, दुसरा मुलाला आणेल. मुलाला विचारायचे, ‘हे कोण? तू यांच्याबरोबर जायला तयार आहेस का?’ मग वहीत चार रकाने: कोणी नेले, किती वाजता, कुठे नेले, सही. कार्डावर नाव नसेल तर मूल मिळणार नाही, समोर कितीही ओळखीचा माणूस असला तरी. शेजारच्या मावशी चार मुले न्यायला आल्या आणि एकाच्याच कार्डावर त्यांचे नाव असेल, तर एकच मूल जाईल. पालक चिडतात. चिडू द्यावे. आई-वडील वेगळे राहत असतील आणि मुलाच्या ताब्याबद्दल न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत जूनमध्येच घ्या. फाटकाशी उभे राहून तो वाद सुटत नाही.

जपानमध्ये मूल पालकांच्या ताब्यात देण्याचाही सराव शाळा घेतात. आपल्याकडे त्यासाठी वेगळा दिवस नको. पालकसभा संपली की सगळ्यांनी आपापले मूल त्याच फाटकातून, त्याच वहीत सही करून न्यायचे. पहिल्या वेळी आम्हाला दीड तास लागला. पालकांनी भरपूर तक्रारी केल्या, त्यांतल्या निम्म्या रास्त होत्या, आणि पुढच्या वेळी चाळीस मिनिटांत झाले.

बातमी कळली की मी लगेच शाळेकडे धाव घेऊ का?

मन धावणारच. पण शंभर पालकांच्या शंभर गाड्या शाळेच्या गल्लीत शिरल्या की अग्निशमनची गाडी आणि रुग्णवाहिका बाहेरच अडकते. शाळेचा निरोप पाहा, ठरलेल्या जागी या, गाडी मुख्य रस्त्यावर ठेवून चालत या. आणि शाळांनो, पालकांना थांबा म्हणायचे असेल तर दर अर्ध्या तासाला एक ओळ तरी कळवा: ‘सगळी मुले वरच्या मजल्यावर सुरक्षित आहेत.’ निरोप आला नाही की लोक धावतातच, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘शाळेत बॉम्ब’ किंवा ‘मुले पळवणारी टोळी’ असे आले तर?

पुढे पाठवू नका. १ मे २०२४ रोजी दिल्ली परिसरातल्या शंभराहून अधिक शाळांना अशी ईमेल आली आणि ती खोटी निघाली. पण प्रत्येक शाळा रिकामी करून तपासावीच लागली. ते काम पोलिसांचे. शाळेने ११२ ला कळवावे, मुलांना शांतपणे बाहेर न्यावे, अनोळखी वस्तूला हात लावू नये. अधिकृत निरोप फक्त एका गटातून आणि एकाच माणसाकडून जाईल, असे वर्षारंभीच ठरवा. त्या गटात पालकांना लिहिता येऊ नये अशी सोय करून ठेवा, म्हणजे खरा निरोप शुभेच्छांखाली दबत नाही.

माझ्या मुलाला फिट येतात. शाळेला काय सांगून ठेवू?

सगळे सांगा. लपवू नका. एका पानावर आजार, औषध, मात्रा, डॉक्टरांचा नंबर लिहा आणि औषधाची एक पट्टी किंवा दम्याचा पंप वर्गशिक्षकांकडे द्या. फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूचे टणक सामान हलवा, वेळ मोजा. तोंडात चमचा घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना.

चाकाच्या खुर्चीतल्या, कमी दिसणाऱ्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी दोन मोठी माणसे नावानिशी नेमलेली हवीत, दुसरी व्यक्ती पहिली रजेवर असेल तेव्हासाठी. ड्रिलच्या दिवशी अशा मुलाला ‘तू बस, तुला त्रास नको’ म्हणून वर्गात ठेवणारी शाळा मी पाहिली आहे. त्या मुलाला त्यातून काय कळले असेल, हा विचार मला सोडत नाही.

साप किंवा विंचू चावला तर?

पालकांची वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्या. केरळातल्या वायनाड जिल्ह्यात २०१९ साली वर्गातल्या जमिनीच्या भोकातल्या सापाने पाचवीतल्या मुलीला दंश केला. उपचाराला उशीर झाला आणि ती गेली.

मुलाला चालवू नका. चावलेला हात किंवा पाय, हाड मोडल्यावर बांधतात तसा पट्टीला बांधून स्थिर ठेवा. आवळून दोरी बांधणे, ब्लेडने कापणे, चोखणे, मांत्रिक, यांतले काहीही नको. साप मारून नेण्याची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते आज आहे का, हे जूनमध्येच विचारून ठेवा. कोकणातला लाल विंचूही लहान मुलाच्या जिवावर उठतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून अशी मुले वाचू लागली, पण त्यासाठी ती वेळेत पोचायला हवीत. वर्गातली भोके सिमेंटने बुजवायला फारसा खर्च येत नाही.

पोषण आहारातून विषबाधा झाली तर?

वाटप थांबवा, उरलेले अन्न फेकू नका, झाकून बाजूला ठेवा, १०८ लावा. कोणी किती खाल्ले ते लिहा. लक्षणे नसलेल्या मुलांनाही घरी पाठवू नका. बिहारच्या सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी कीटकनाशक मिसळलेल्या तेलामुळे २३ मुले दगावली. अन्न मुलांआधी मोठ्यांनी चाखायचे, ही पद्धत म्हणूनच मोडू नये. आणि कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊनसुद्धा शाळेच्या स्वयंपाकघरात येऊ देऊ नये.

वीज कडाडत असताना पटांगणावर खेळ चालू ठेवावा का?

नाही. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच. झाडाखाली कुणीही नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप पीटीच्या सरांच्या फोनवर असावे.

रिक्षा किंवा व्हॅनने जाणाऱ्या मुलांची जबाबदारी कुणाची?

शाळेच्या परिवहन समितीची, आणि पालकांचीही. आपण रिक्षात मुले किती कोंबली आहेत ते पाहतो आणि गप्प बसतो. रोज कोण कुठल्या गाडीत बसले याची यादी गाडीत एक आणि शाळेत एक हवी. बसमधल्या ताईंनी मुले उतरल्यावर शेवटच्या सीटपर्यंत जाऊन पाहावे, झोपलेले मूल मागे राहते. आणि रिक्षावाल्या किंवा व्हॅनवाल्या काकांचे नाव तुमच्या कार्डावर आहे का? नसेल तर आपत्तीच्या दिवशी त्यांनाही मूल मिळणार नाही.

लहान मुलांना हे सगळे सांगितले तर ती घाबरणार नाहीत का?

नुसते धोके सांगितले तर घाबरतात. काय करायचे ते हाताने करून घेतले तर त्यांना त्याचा अभिमान वाटतो. बालवाडीतल्या मुलांना मी कासव व्हायला सांगते: टाळी वाजली की सगळी कासवे बाकाखाली. आई-बाबांचा एक फोन नंबर पाठ करून घ्या, पाढ्यासारखा, रोज जेवताना.

घटनेनंतर मूल शाळेत जायलाच तयार नाही.

काही आठवडे असे होऊ शकते. पोट दुखणे, अंथरूण ओले करणे, आईला न सोडणे, हे नाटक नव्हे. रागावू नका, पण शाळा अगदी बंदही करू नका. पहिल्या दिवशी तासभर, आई व्हरांड्यात. मुलाला चित्र काढू द्या, तेच तेच सांगू द्या. महिन्यानंतरही झोप उडालेली असेल तर समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना दाखवा.

शाळा ऐकतच नाही. काय करू?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. बैठकीत लेखी मुद्दा मांडा आणि तो इतिवृत्तात येईल असे पाहा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची २०१६ ची शाळा सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वे सरकारी आणि खासगी अशा सगळ्या शाळांना धरून आहेत, ती सोबत न्या. तक्रारीऐवजी काम मागितले तर बहुतेक मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीत: ‘कार्डे भरून घ्यायचे काम आम्ही चार पालक करतो.’

कोणते नंबर लिहून ठेवायचे?

पोलीस आणि कोणतीही तातडी ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, संकटातल्या मुलांसाठी १०९८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. शेवटचा तुमच्या फोनवरून लागतो का ते आजच पाहा आणि कक्षाचा साधा नंबरही घ्या. शिवाय जवळच्या दवाखान्याचा, वीज कार्यालयाचा आणि समोरच्या दुकानदाराचा.

परवलीचा शब्द ठेवावा का, आणि तो किती दिवसांनी बदलावा?

जरूर ठेवा. ‘आईला अपघात झालाय, चल लवकर’ म्हणून कुणी आले तर मुलाने तो शब्द विचारायचा, आणि सांगता आला नाही तर बाईंकडे परत जायचे. शब्द साधा असावा, पण मुलाच्या मित्रांना माहीत नसलेला: आजोळच्या गाईचे नाव चालेल, कुत्र्याचे नको, ते सगळ्या वर्गाला ठाऊक असते. एकदा वापरला किंवा मुलाने मित्राला सांगून टाकला की त्याच दिवशी बदला.